गाणे कोणी निवडावयाचे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपन-एआय या अमेरिकन कंपनीने आपल्या ‘चॅटजीपीटी’त इतर कंपन्यांच्या सेवा आणून बसविल्या, तेव्हा पहिल्याच तुकडीत स्वीडनची ‘स्पॉटिफाय’ होती. ग्राहकाने आपले खाते जोडून द्यावे, मनात काय आहे ते साध्या वाक्यात सांगावे आणि गाण्यांची यादी तयार व्हावी, अशी ही व्यवस्था. त्याच्या सुमारे वर्षभर आधी, २५ नोव्हेंबर २०२४ रोजी, ‘अँथ्रॉपिक’ने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत जाहीर केला होता. संभाषण करणाऱ्या यंत्राला बाहेरची अवजारे हाताळता यावीत, यासाठी ठरविलेली ती एक समान भाषा होय. ती उपलब्ध झाल्यावर हौशी प्रोग्रामरांनी ज्या सेवा तिला जोडल्या त्यांत गाण्याची सेवाही होती. गाणे लाव, थांबव, पुढचे लाव, एवढ्या कामासाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणासही वाटेल. परंतु निवडीचा अधिकार एकदा दुसऱ्याच्या हाती गेला की त्याच्या मागोमाग पैसा जातो आणि खाजगी माहितीही जाते, हे विसरून चालणार नाही.

यंत्र गाणे ऐकत नाही, ही पहिली गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ग्राहकाने एकदा संमती दिली की कंपनी त्या यंत्राला एक तात्पुरती किल्ली देते. तिने कोणती दारे उघडतील हे संमतीच्या यादीत नमूद केलेले असते : सध्या काय वाजते आहे ते पाहणे, ते बदलणे, अलीकडे काय ऐकले ते वाचणे, याद्यांत भर घालणे. (स्पॉटिफायवर बाहेरून वाजविण्याचा ताबा घ्यावयाचा तर ग्राहक पैसे भरणारा असावा लागतो.) या मार्गाने यंत्राच्या हाती येते ते गाण्याचे नाव, गायकाचे नाव, अल्बम, कालावधी आणि एक सूचिक्रमांक. स्वर येत नाहीत.

भारतीय संगीताच्या श्रोत्याला ही गोष्ट विशेष जाचणारी आहे. ‘सायंकाळचा एखादा राग लाव’ असे कोणी म्हटले, तर मारवा किंवा पूरिया ही नावे यंत्राला सहज सुचतील; तेवढे ज्ञान त्याच्यापाशी पुष्कळ असते. पण सूचीतल्या शीर्षकात रागाचे नाव नसून केवळ बंदिशीचे पहिले चार शब्द असतील, तर ते ज्ञान निरुपयोगी ठरते. मराठी भावगीताची ओळख गायकाइतकीच कवीवर आणि संगीतकारावर अवलंबून असते, तर या सूचींचा पाया गायक आणि अल्बम हा आहे. एकच अभंग अनेकांनी गाइलेला. त्यातला कोणता हवा हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही, यंत्राला सांगावे लागते. रोमन लिपीतल्या नावांची स्पेलिंगे तर ज्याची त्यालाच ठाऊक. परिणामी जे आधीच पुष्कळ वाजते आणि ज्याच्या नोंदी नीटनेटक्या आहेत, तेच पुन्हा हाती लागण्याचा संभव अधिक. नोंदी सुधारण्याचे काम कंटाळवाणे आणि बिनकिफायतीचे असल्याने त्याची घाई कोणालाच दिसत नाही.

निवड करणारा मध्यस्थ ही काही नवी गोष्ट नव्हे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या कारकीर्दीच्या प्रारंभी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी अभिजात संगीत ऐकावे, हा त्यांचा हेतू होता. श्रोत्यांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावले. त्याच वर्षी तेथे अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढून सरकारला माघार घ्यावी लागली. केसकरांचे धोरण चूक की बरोबर हा वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने मान्य करावी लागेल. आपण काय वगळतो आहोत आणि का, हे त्यांनी उघडपणे सांगितले होते. म्हणूनच त्यांना विरोध करता आला. यंत्राने दहा गाणी समोर ठेवली, तेव्हा अकरावे का वगळले हे कोण सांगणार? आणि ज्या श्रोत्याला काही वगळले गेल्याचाच पत्ता नाही, तो सुई कोठे फिरवणार?

ही शंका निराधार नाही. स्पॉटिफायने २०२० मध्ये एक योजना आणली. गायकाने किंवा त्याच्या कंपनीने ठरावीक गाण्यांवर कमी मानधन स्वीकारावे आणि त्याबदल्यात आपोआप वाजणाऱ्या काही याद्यांत त्या गाण्यांना झुकते माप मिळावे, असे तिचे स्वरूप. श्रोता स्वतः गाणे शोधतो तेव्हा या सौद्याचा त्याच्याशी संबंध येत नाही. यंत्र श्रोत्याच्या वतीने शोधू लागले, तर तो शोध श्रोत्याचा मानावयाचा की आपोआप वाजणाऱ्या यादीचा? आज हा प्रश्न तांत्रिक वाटतो. उद्या तो व्यापारी करारातले एक कलम होईल.

मानधनाचा हिशेबही याच ठिकाणी येऊन भिडतो. या सेवेवर तीस सेकंद वाजलेले गाणे ‘ऐकले’ असे मोजले जाते. मानधनाचा निधी एकत्र असतो आणि त्याची वाटणी एकूण वाजण्यातील हिश्श्याच्या प्रमाणात होते. म्हणजे रिकाम्या खोलीत यंत्राने दिवसभर वाजविलेली गाणी त्या वाटणीत इतरांचा हिस्सा कमी करतात. २०२४ पासून तर मागील बारा महिन्यांत एक हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला या निधीतून काहीच मिळत नाही. यंत्राचा वापर वाढल्यावर हजाराच्या उंबरठ्यावरचा लोकगायक वर जाईल की खाली, हे यंत्र कोणत्या क्रमाने निवडते त्यावर ठरेल. मोजणीला फसविणे किती सोपे आहे याची चुणूकही मिळाली आहे. यंत्राकडून गाणी तयार करून घेऊन, खोट्या खात्यांमार्फत ती अब्जावधी वेळा वाजवून, एक कोटी डॉलरहून अधिक मानधन लाटल्याचा आरोप अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये एका इसमावर ठेवण्यात आला.

दार कोणाला उघडावयाचे, याचा निर्णयही सेवा देणारी कंपनीच घेते. वर उल्लेखिलेला खुला संकेत जाहीर झाल्यानंतर दोनच दिवसांनी स्पॉटिफायने नव्या प्रोग्रामरांसाठी शिफारशी, संबंधित कलावंत, गाण्याचे ध्वनिविश्लेषण असे कित्येक मार्ग बंद केले. दोन घटनांचा परस्परसंबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु मे २०२५ पासून व्यापक प्रवेशासाठी केवळ नोंदणीकृत संस्थेने आणि तेही दरमहा किमान अडीच लाख वापरकर्ते असतील तरच अर्ज करावा, असा दंडक आला. पाच महिन्यांनी ‘चॅटजीपीटी’साठी मात्र दार उघडले. याच स्पॉटिफायने २०१९ मध्ये ‘अ‍ॅपल’विरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रार केली होती, आणि त्या प्रकरणात आयोगाने मार्च २०२४ मध्ये अ‍ॅपलला १८० कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला. दारावरचा पहारेकरी आपल्याला अडवितो, हीच तिची तक्रार होती. अंधांसाठी मराठीत बोलणारे साधन तयार करू पाहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला आता तीच तक्रार तिच्याविरुद्ध करता येईल. ज्यांना पडद्यावरची बटणे दिसत नाहीत किंवा ज्यांची बोटे चालत नाहीत, त्यांच्यासाठी ही सोय चैन नव्हे. आणि अशी साधने पुष्कळदा एकट्यादुकट्यानेच प्रथम घडविलेली असतात.

राहिला प्रश्न संमतीचा. मनुष्य रात्री दोन वाजता काय ऐकतो, कोणत्या महिन्यात त्याची भक्तिगीते वाढली, कोणते विरहगीत त्याने सलग चाळीस वेळा लावले, ही माहिती संगीतकंपनीपाशी आजवर होतीच. आता ती संभाषण करणाऱ्या यंत्रापाशीही जाऊ शकते, आणि त्या यंत्राला त्याच मनुष्याने आपल्या आजाराविषयी वा नोकरीविषयी आधीच काही सांगितलेले असते. आपल्या सेवेवरचे संगीत प्रशिक्षणासाठी ओपन-एआयला देणार नाही, असे स्पॉटिफायने जाहीर केले, ते कलावंतांच्या हिताचे झाले. श्रोत्याच्या सवयींना तसेच संरक्षण मिळावयास हवे. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे भारताचा २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. दिलेली परवानगी काढून घेण्याची सोय स्पॉटिफायच्या खात्यात, जोडलेल्या अ‍ॅपांच्या यादीत, आहे. खाते जोडतेवेळी संमतीचे बटण जेवढे ठळक दाखविले जाते, तेवढ्याच ठळकपणे त्या यादीचा पत्ताही दाखविण्याची सक्ती करण्यास सरकारने ही मुदत संपण्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.