उपास कुणासाठी, पथ्य कुणाचं?

मधुमेह हा आता फक्त खात्यापित्या घरांचा आजार राहिलेला नाही. गटाच्या बैठकीत, आरोग्य शिबिरात 'मला शुगर निघाली' असं सांगणाऱ्या बाया वाढत आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. असे आकडे आले की चर्चा डॉक्टर, गोळ्या आणि इन्सुलिनची होते. मला मात्र स्वयंपाकघराबद्दल बोलायचं आहे. कुणाच्या ताटात काय पडणार हे जिभेवरून जेवढं ठरतं, तेवढंच घरातल्या सत्तेवरूनही ठरतं.

घरातल्या पुरुषाला मधुमेह झाला की काय होतं ते आठवून पाहा. दुसऱ्या दिवसापासून घराचं वळण बदलतं. भात कमी होतो, उसळी वाढतात, कोशिंबीर आणि अंडी आवर्जून येतात. हल्ली 'पोळी-भात बंद करा, साखर आपोआप उतरते' असा सल्ला सगळीकडून मिळतो. मग त्यांच्यासाठी पनीर, बदाम, वेगळी भाजी. हे सगळं निवडायचं, चिरायचं, वेळेवर समोर ठेवायचं काम अर्थातच बायकोचं. मुलांसाठी नेहमीचा स्वयंपाक असतोच. म्हणजे एका घरात दोन स्वयंपाक.

आता बाईला मधुमेह झाला तर? 'तू तुझं बघून खात जा', एवढंच. तिच्यासाठी कुणी वेगळं शिजवत नाही, आणि स्वतःपुरतं वेगळं करायला तिलाच लाज वाटते. उरलेला भात टाकायचा कसा, म्हणून तोही तीच संपवते. आजार एकच, पण नवऱ्याचं पथ्य साऱ्या घराचं होतं आणि बायकोचं पथ्य तिचं एकटीचं राहतं.

याच्या जोडीला येतात उपास. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, श्रावण, नवरात्राचे नऊ दिवस, वटपौर्णिमा, हरतालिका. यातले कितीतरी नवऱ्याच्या आयुष्यासाठी, मुलांच्या भल्यासाठी, चांगला नवरा मिळावा म्हणून. बायकोला दीर्घायुष्य मिळावं म्हणून नवऱ्यानं करायचं असं कुठलं व्रत आपल्याला माहीत आहे? पातिव्रत्याचे सगळे नियम बाईलाच का, हा सवाल ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना'मध्ये १८८२ साली विचारला होता. तो अजून शिळा झालेला नाही.

उपास म्हणजे पोटाला विश्रांती, असं म्हणतात. आपलं ताट मात्र वेगळंच सांगतं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, वर गोड चहा तीनदा. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात जवळजवळ ८७ ग्रॅम पिष्ट असतं, प्रथिनं अर्धा ग्रॅमसुद्धा नसतात. रक्तातली साखर चढवायला याहून सोपा पदार्थ क्वचितच सापडेल. दाण्याच्या कुटानं तो वेग थोडा कमी होतो, इतकंच. तांदूळ-गहू सोडून ती जे खाते, ते मधुमेहाच्या दृष्टीनं बरेचदा आणखी वाईट असतं.

'पण हे पूर्वापार चालत आलंय!' असं कुणी म्हटलंच तर थोडा इतिहास सांगावा. साबुदाणा होतो तो टॅपिओकाच्या कंदापासून. हा कंद दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची ही सगळी मंडळीही अमेरिका खंडातूनच, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे आली. तमिळनाडूतल्या सेलम भागात साबुदाण्याचे कारखाने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उभे राहिले. म्हणजे आपल्या उपासाचं ताट गेल्या काही शतकांत साफ बदललं आणि धर्म काही बुडाला नाही. एकदा बदललं तसं पुन्हा बदलता येईल.

सगळ्यात मोठा धोका आहे तो गोळी घेऊन उपाशी राहण्यात. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या आणि इन्सुलिन ही औषधं पोटात अन्न आहे की नाही ते पाहत नाहीत. साखर खाली ओढतच राहतात. आमच्या वस्तीतल्या एका मैत्रिणीनं हरतालिकेला सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि पाण्याचा थेंबही न घेता दिवसभर कामं केली. संध्याकाळी तिला दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, ती असंबद्ध बोलू लागली. 'कडक उपास आहे, होतं असं', म्हणत बायका वारा घालत बसल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर ४८ होती. ती ७० च्या खाली जाणं हाच धोका. माणूस शुद्धीवर असेल तर अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच द्यायला हवी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता तडक दवाखाना गाठायला हवा. एवढं साधं ज्ञान त्या ओसरीवर कुणापाशी नव्हतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्यांचं वेगळंच. त्या घेताना कडक उपास केला किंवा पोळी-भात एकदम तोडला, तर रक्तात आम्ल साचून जीवावर बेतू शकतं.

मग उपास सोडाच, असं सांगायचं का? चळवळीतल्या काही मैत्रिणी तसं म्हणतात. मला ते पटत नाही. कितीजणींसाठी उपासाचा दिवस हाच स्वतःचा दिवस असतो. चारचौघी भेटतात, गाणी होतात, घरात तिच्या शब्दाला मान मिळतो. त्यावर हसलं की ती गप्प होते, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांपासूनही उपास लपवते. लपवलेला उपास सगळ्यात घातक. डॉक्टरांनीही 'कशाला करता हे खूळ?' असं खेकसण्याऐवजी 'तुमचे उपास कोणते, त्या दिवशी काय खाता, गोळी केव्हा घेता?' असं विचारायला हवं.

हा प्रश्न एका धर्माचाही नाही. रमजानमध्ये सहरीसाठी सगळ्यांच्या आधी उठते ती बाई आणि इफ्तारची तयारी करते तीच. आजारी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज्यातून सवलत धर्मानंच दिली आहे. तरी लोक काय म्हणतील म्हणून कितीजणी ती घेत नाहीत. हिंदू घरातही गरोदर सून उपास धरते. गरोदरपणातली साखर बाळालाही बाधते, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि कमी पिष्टाचं खाणं? भात-पोळी कमी केली की साखर उतरते, यात खोटं काही नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या याच पाहणीतल्या आहाराच्या अभ्यासानुसार आपल्या अन्नातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्ट आणि साखरेतून येते. पण ते कमी करून त्या जागी काय खायचं? रेशनवर मिळतात मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ, अंडी, दूध, भाजी बाजारभावानं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. त्यांना नुसतं 'कमी खा' सांगणं हा क्रूरपणा आहे. शिवाय लोह कमी असलं की तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणीही फसवी ठरू शकते. तेव्हा मधुमेहाची लढाई ही रेशनवर डाळ आणि तेल मिळवण्याची लढाईसुद्धा आहे.

आपल्या गटांनी काय करावं? श्रावणाच्या आधी एक बैठक फक्त यावर घ्यावी. गोळ्या-इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकीनं उपासाआधी डॉक्टरांशी बोलावं, डोस मनानं बदलू नये. आजारी असेल तिनं निर्जळी करू नये, आणि ते गटानं मिळून जाहीरपणे म्हणावं, म्हणजे एकटीवर बोल येणार नाही. साबुदाण्याऐवजी थोडी भगर किंवा राजगिरा, सोबत ताक, दही, दाणे, काकडी. गोड चहा बंद. आणि सगळ्यात अवघड गोष्ट: घरात ज्याला कुणाला मधुमेह असेल, त्याचं पथ्याचं जेवण सगळ्यांनी एकत्र जेवावं, आणि ते रांधायला नवऱ्यानं, मुलानंही हात लावावा.

उपास करायचा की नाही, हे जिचं तिनं ठरवावं. पण ठरवताना तिच्याही आयुष्याचा हिशेब धरलेला असावा. तुमच्या भागात काय अनुभव आहेत, कुणी काय बदल केले, ते जरूर लिहून पाठवा.