हिमालयातील मे महिन्याचा बेभरवशाचा बर्फ

प्रतिनिधी, राहनाळ (भिवंडी)

शाळा-महाविद्यालयांच्या परीक्षा संपल्या की ठाणे जिल्ह्यातील गिरिभ्रमणप्रेमींचे लक्ष सह्याद्रीकडून हिमालयाकडे वळते. माहुली आणि गुमताऱ्याच्या वाटा एव्हाना तापलेल्या असतात. राहनाळ, काल्हेर, पूर्णा या गोदामांच्या पट्ट्यात तर सकाळी दहानंतर रस्त्यावर उभे राहणेही नकोसे होते. अशा वेळी कुलू जिल्ह्यातील सर पास किंवा हिमाचलमधीलच रूपिन पास ही नावे तरुणांच्या तोंडी येऊ लागतात. भर मे महिन्यात बर्फावरून चालण्याची संधी हे या वाटांचे मुख्य आकर्षण. परंतु ज्या बर्फासाठी एवढा प्रवास करायचा, त्याचाच स्वभाव आता बदलत चालला आहे. हिवाळी बर्फाचा थर अलीकडच्या हंगामांत सरासरीपेक्षा कमी टिकला आहे आणि दुसरीकडे मे-जूनमध्ये अवेळी हिमवर्षाव घडविणाऱ्या वादळांचे प्रमाण वाढले आहे. मोहिमांच्या तारखा मात्र सुट्टीच्या वेळापत्रकाला बांधलेल्या आहेत. बर्फ आणि तारीख यांच्यातील ही तफावत हाच आज हिमालयात जाणाऱ्या मराठी पर्यटकापुढील खरा धोका आहे.

आकडे काय सांगतात?

हिंदुकुश-हिमालय परिसराचा अभ्यास करणारी 'इसिमोड' ही काठमांडूस्थित आंतरराष्ट्रीय संस्था दरवर्षी हिवाळी बर्फाचा आढावा घेते. नोव्हेंबर ते मार्च या काळात जमिनीवर बर्फ किती टिकून राहिला, याचे मोजमाप उपग्रहांच्या साह्याने केले जाते. २०२४ च्या आढाव्यात हे प्रमाण सरासरीपेक्षा १८.५ टक्क्यांनी कमी आढळले. २०२५ च्या आढाव्यात ही तूट २३.६ टक्क्यांवर गेली. तेवीस वर्षांतील तो नीचांक होता आणि सरासरीहून कमी बर्फाचे ते सलग तिसरे वर्ष होते.

हे आकडे वाचून बर्फ कमी म्हणजे वाट सोपी, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण चित्राची दुसरी बाजू वेगळीच आहे. उत्तर भारतात हिवाळ्यात पाऊस आणि बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकत येतात. वसंत ऋतू सरता सरता त्यांना वाहून आणणारा उच्च स्तरातील वाऱ्यांचा प्रवाह उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयाची वाट मोकळी होते. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातील शास्त्रज्ञाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार हे सरकणे आता लांबू लागले आहे. आधीच्या पन्नास वर्षांच्या तुलनेत गेल्या वीस वर्षांत जून महिन्यातील पश्चिमी झंझावात दुप्पट आढळले. म्हणजेच ज्या काळात हवामान स्थिर होईल असे गृहीत धरून मोहिमा आखल्या जातात, त्याच काळात वादळांचा मुक्काम वाढला आहे.

२०२३ चा उन्हाळा या संदर्भात आठवण्यासारखा आहे. त्या वर्षी दिल्लीने छत्तीस वर्षांतील सर्वांत थंड मे महिना अनुभवला. केदारनाथचे दरवाजे एप्रिलअखेर उघडले, तेव्हा हिमवृष्टी सुरू असल्याने भाविकांची नोंदणी काही काळ थांबवावी लागली. हेमकुंड साहिबच्या वाटेवर जून उजाडल्यावरही हिमकडा कोसळून एका महिला भाविकाचा बळी गेला. लष्कराच्या जवानांनी बर्फ कापून मोकळी केलेल्या, वर्दळीच्या यात्रामार्गाची ही कथा. आडवाटेच्या खिंडींची स्थिती काय असेल, याची कल्पना यावरून यावी.

पहाटेचा बर्फ, दुपारचा बर्फ

वसंतातील बर्फ हा हिवाळ्यातील बर्फाहून निराळा असतो. दिवसा उन्हाने त्याचा वरचा थर वितळतो, तर रात्री तोच थर पुन्हा गोठून कडक होतो. म्हणूनच सर पास ओलांडणाऱ्या तुकड्या नगारू येथील तळावरून पहाटेच्या अंधारात निघतात. सूर्य वर येण्यापूर्वी बर्फ पाऊल पेलतो. दहा-अकरानंतर त्याच बर्फात पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि चालण्याचा वेग निम्म्यावर येतो. उतारावरचे ओले बर्फ घसरण्याची भीतीही दुपारी सर्वाधिक असते.

या साऱ्या गणिताचा आधार म्हणजे निरभ्र रात्र. आकाश स्वच्छ असेल तर जमिनीची उष्णता वर निघून जाते आणि बर्फ घट्ट गोठतो. ढगाळ रात्री ही उष्णता अडून राहते व बर्फ नीट गोठतच नाही. मग पहाटे तीनला निघूनही तुकडीला दुपारचाच भुसभुशीत बर्फ तुडवावा लागतो. त्यातच जुन्या कडक थरावर नव्याने दोन-चार इंच हिम पडले, तर वरचा थर खालच्याला धरून राहत नाही. अशा बर्फात पायाखालची जमीन नेमकी कशी आहे, हे अनुभवी वाटाड्यालाही वरवर पाहून सांगता येत नाही.

बर्फ कमी असण्याचे धोकेही लक्षात घ्यावे लागतात. ओढ्यांवर साचलेल्या बर्फाचे नैसर्गिक पूल खालून वाहणाऱ्या पाण्याने पोखरले जातात आणि थर पातळ असेल तर ते लवकर खचतात. खडकांभोवतीचा बर्फ आतून वितळून पोकळ होतो. सर पासपलीकडे बिस्केरीच्या दिशेने बर्फावर बसून घसरत उतरण्याची मौज असते, पण बर्फाचा पट्टा आखूड झाला की तीच घसरण दगडांवर जाऊन थांबू शकते. रूपिन पासखालच्या अरुंद, तीव्र चढाच्या घळीतही बर्फ कडक आहे की ओला, यावर सारे अवलंबून असते.

राहनाळ समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटरवर वसले आहे. सर पासची उंची सुमारे १३,८०० फूट, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाईच्या अडीचपटीहून अधिक. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, हे लक्षात घेतले तर केवळ उंचीमुळेच सत्तावीस अंशांचा फरक पडतो. त्यात पहाटेची वेळ, भिजलेले कपडे आणि वारा यांची भर पडली की शरीर स्वतःची ऊब टिकवू शकत नाही. विरळ हवेत दम लागतो तो वेगळाच.

सहस्रतालचा धडा

या साऱ्याची किंमत किती मोठी असू शकते, हे जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रताल मार्गाने दाखवून दिले. २९ मे रोजी निघालेल्या बावीस जणांच्या तुकडीत कर्नाटकातील अठरा, महाराष्ट्रातील एक आणि तीन स्थानिक वाटाडे होते. ३ जून रोजी परतीच्या वाटेवर त्यांना हिमवादळाने गाठले. नऊ जणांचा मृत्यू झाला. उरलेल्या तेरा जणांची हवाई दल आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाने सुटका केली. तेथे कडा कोसळला नव्हता की कोणी दरीत पडले नव्हते. थंडी, वारा आणि उघड्यावर काढावी लागलेली रात्र एवढेच कारण पुरेसे ठरले. दुर्घटनेनंतर चौकशीचे आदेश निघाले आणि गिरिभ्रमणाच्या नियमावलीची चर्चाही झाली.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नव्हता. ऑक्टोबर २०२१ मध्ये रोहडूकडून बुरान खिंडीमार्गे किन्नौरमध्ये उतरणाऱ्या तेरा जणांच्या तुकडीतील महाराष्ट्राच्या तिघांना अवेळी हिमवृष्टीत प्राण गमवावे लागले. ऋतू वेगळा असला तरी कारण तेच होते. ज्या दिवशी थांबायला किंवा मागे फिरायला हवे, नेमक्या त्या दिवशी तुकडी उघड्या माथ्यावर होती.

तारखेची सक्ती

तुकड्या मागे का फिरत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर केवळ हौसेत शोधणे अन्यायाचे होईल. गोदामात किंवा कारखान्यात काम करणाऱ्या तरुणाला मोठ्या मिनतवारीने आठ-दहा दिवसांची रजा मिळते. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी करता येते. परतीचे तिकीट तेव्हाच काढलेले असते. मोहिमेचे शुल्क आगाऊ भरलेले असते. दोन महिने आधी ठरलेल्या या तारखा बर्फाची स्थिती पाहून ठरत नाहीत आणि बदलतही नाहीत.

आयोजकांचीही अडचण आहे. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनसारख्या संस्थांनी अत्यल्प शुल्कात हजारो मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांना हिमालय दाखविला, हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. परंतु हंगामी मोहिमांमध्ये एकामागोमाग एक तुकड्या निघत असतात. पुढची तुकडी एक दिवस थांबली, तर मागून येणाऱ्यांसाठी तंबू उरत नाहीत. अलीकडे वाढलेल्या व्यावसायिक मोहिमांमध्ये तर राखीव दिवस म्हणजे अधिकचा खर्च, आणि जाहिरातीतील शुल्क जितके कमी तितकी गर्दी जास्त, असा हिशेब असतो. अशा व्यवस्थेत मागे फिरण्याचा निर्णय प्रत्येकाला महाग पडतो. साहजिकच तो शेवटच्या क्षणापर्यंत लांबणीवर टाकला जातो. गोदामातील माल ठरल्या दिवशी ठरल्या ठिकाणी पोचविता येतो; खिंड ओलांडण्याला तो नियम लावता येत नाही.

माहितीची पोकळी

युरोपात आल्प्समधील हिमस्खलनाचा धोका पाच पायऱ्यांच्या समान मोजपट्टीवर सामान्य नागरिकाला रोज कळू शकतो. भारतात चंडीगड येथील संरक्षण संशोधन संस्थेची प्रयोगशाळा हिमस्खलनाचे इशारे देते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बद्रीनाथजवळच्या माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या तळावर हिमकडा कोसळून आठ कामगार मृत्युमुखी पडले, त्याच्या आदल्या दिवशी चमोलीसह काही जिल्ह्यांसाठी असा इशारा देण्यात आलाही होता. पण जिल्ह्याचा इशारा म्हणजे वाटेचा इशारा नव्हे. आज अमुक खिंडीखाली बर्फ किती आणि कसा आहे, हे ठाण्यातील किंवा भिवंडीतील पर्यटकाला आयोजकाच्या दूरध्वनीवरूनच कळते. संकटकाळी संपर्काचीही तीच गत. मोबाइल चालत नाही आणि परवानगीशिवाय उपग्रह-दूरध्वनी बाळगणे आपल्याकडे बेकायदा आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजकांच्या नोंदणीची व्यवस्था केली. राज्यातील उपक्रमांना त्यामुळे काही शिस्त लागण्यास मदत झाली तरी हिमालयातील वाटेवर देखरेख हिमाचल आणि उत्तराखंडचीच. बंदी हा यावरचा उपाय नव्हे. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उंचावरील कुरणांवर रात्रीच्या मुक्कामास मनाई केल्यावर रूपकुंडच्या लोकप्रिय वाटेवरील गावकऱ्यांच्या रोजगारावर जो परिणाम झाला, तो ध्यानात घ्यावा लागेल. हवी आहे ती खिंडीनिहाय दैनंदिन माहिती, आणि तिच्या आधारे तुकडी थांबविण्याचा अधिकार असलेली स्थानिक यंत्रणा. ग्रहणसारख्या गावांतील माणसे या वाटांवर वर्षानुवर्षे वावरतात. त्यांनी सकाळ-संध्याकाळ दिलेली नोंद संकलित करणे फार खर्चाचे काम नाही.

ती व्यवस्था उभी राहीपर्यंत काही गोष्टी पर्यटकाच्या हाती आहेत. पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला चार प्रश्न अवश्य विचारावेत. कार्यक्रमात हवामानासाठी राखीव दिवस आहे काय? माघारीचा निर्णय कोणाचा, आणि माथ्यावर किती वाजेपर्यंत न पोचल्यास तुकडी परत फिरते? खिंड न ओलांडता परतावे लागल्यास राहण्याची व वाहनाची सोय कोण करणार? आणि वरच्या तळावरून खालच्या तळाशी संपर्क कसा होणार? यांची स्पष्ट उत्तरे न देणाऱ्या आयोजकाचे शुल्क कितीही कमी असले तरी तो सौदा महागच म्हणावा लागेल. परतीच्या तिकिटात दोन दिवसांची मोकळीक ठेवणे अनेकांना परवडणार नाही, हे खरे. पण ते शक्यच नसेल, तर खिंड ओलांडण्याऐवजी खालच्या कुरणांपर्यंतची मोहीम निवडणे अधिक शहाणपणाचे. बर्फ तेथूनही दिसतो.

सह्याद्रीत पाऊस कोसळू लागला की अर्ध्या वाटेवरून परतण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जाता येते. हिमालयात पुढचा रविवार एका वर्षानंतर येतो, म्हणून परतणे जड जाते. सर पास मात्र पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे. माथ्यावर न पोचता सुखरूप घरी आलेल्या तुकडीला अपयशी म्हणणे आपण जोवर थांबवत नाही, तोवर कितीही नियम केले तरी मे महिन्यातील या वाटा निर्धोक होणार नाहीत.