झोळी नवी, हिशेब मात्र जुनाच हवा

स्वतःसाठी हात पसरणे आपल्या समाजाने नेहमीच कमीपणाचे मानले. दुसऱ्यासाठी झोळी फिरविणे मात्र कधी कमीपणाचे मानले नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून पैसाफंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. आपल्या कोकणातल्या मुरूडच्या अण्णासाहेब कर्व्यांनी स्त्रीशिक्षणाचे मोठे कार्य हाती घेण्यापूर्वी आपल्या गावासाठी ‘मुरूड फंड’ काढला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतील मुले घरोघरच्या बायाबापड्यांनी बाजूला काढून ठेवलेल्या मूठभर धान्यावर शिकली. या सर्वांनी मागितले ते उघड्यावर मागितले, आणि मिळालेल्या पैशाचा हिशेबही उघड्यावर दिला. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये फार तर एका गावाचे अंतर असे. खोटे बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जावे लागत असे.

आजची झोळी निराळी आहे. ती खिशातल्या भ्रमणध्वनीवर येते. रुग्णालयाच्या खाटेवरील मुलाचे छायाचित्र, खाली चार ओळींची कहाणी, डॉक्टरांनी दिलेला खर्चाचा अंदाज आणि पैसे पाठविण्यासाठी एक खूण. ती खूण दाबली की शंभर रुपये रत्नागिरीहून नागपूरला पोचतात. मनिऑर्डरीचा अर्ज नको, पोष्टमनची वाट पाहणे नको. २०१० ते २०१४ या काळात ‘मिलाप’, ‘केट्टो’, ‘इम्पॅक्ट गुरू’ अशा संस्था आपल्या देशात निघाल्या आणि २०१६ नंतर यूपीआयमुळे भाजीवालीच्या हातातही पैसे पाठविण्याचे साधन आले. या साधनाचे सामर्थ्य केवढे आहे हे महाराष्ट्राने २०२१ साली पाहिले. मुंबईतील काही महिन्यांच्या एका मुलीला स्नायू दुबळे करणारा दुर्मिळ आनुवंशिक आजार होता आणि त्यावरील एका इंजेक्शनची किंमत सोळा कोटी रुपये होती. तिच्या आईवडिलांना ओळखत नसलेल्या हजारो माणसांनी ती रक्कम जवळजवळ उभी केली. केंद्र सरकारने सुमारे सहा कोटींचे कर माफ केले. औषध अमेरिकेतून आले. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या एका बालिकेसाठीही लोकांनी असेच कोट्यवधी रुपये दिले. तिला इंजेक्शन मिळाले, परंतु थोड्याच दिवसांत ते मूल गेले. ज्यांनी पैसे दिले त्यांनी ते व्यर्थ गेले असे म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. समाजाच्या मनाचा मोठेपणा आटलेला नाही, याचा याहून सबळ पुरावा कोणता हवा?

परंतु ज्याला ही झोळी सर्वांत अधिक हवी, त्याच्या हाती ती असते काय, हा खरा प्रश्न आहे. तो विचारण्यासाठी आम्ही वाचकांना आपल्या किनाऱ्यापासून दूर, सातपुड्याच्या पायथ्याशी घेऊन जाऊ इच्छितो.

पांढुर्णा आणि सौंसर हे मध्य प्रदेशातील दोन तालुके. संत्र्यांचा आणि कापसाचा हा मुलूख. घरात मराठी, कचेरीत हिंदी. पोळा येथे विदर्भासारखाच होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात जी गोटमार होते तिच्या बातम्या दरवर्षी आपणही वाचतो. (त्या दगडफेकीतील गंभीर जखमींना कोठे नेतात? नागपूरला.) १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, छिंदवाडा जिल्ह्यातील ही मराठी गावे मध्य प्रदेशात राहिली. २०२३ साली हे दोन तालुके छिंदवाड्यापासून वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. जिल्हाधिकारी आले, पाट्या बदलल्या. पण मोठा आजार झाला की माणूस पूर्वी जेथे जात होता तेथेच आजही जातो. पांढुर्ण्याहून रेल्वेने आणि सौंसरहून मोटारीने नागपूर जवळ आहे. भोपाळ दूर आहे, आणि केवळ मैलांनीच दूर आहे असे नव्हे.

या जाण्यात काय दडलेले असते हे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये देशाला दिसले. छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात साध्या सर्दी-खोकल्यासाठी मुलांना ‘कोल्ड्रिफ’ नावाचे औषध देण्यात आले. तमिळनाडूतील कांचीपुरमच्या एका कारखान्यात बनलेल्या या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सुमारे ४८.६ टक्के असल्याचे तपासणीत आढळले. मर्यादा आहे ०.१ टक्क्याची. मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. वीसहून अधिक मुले दगावली. बहुतेक परासिया परिसरातील होती, दोन बैतूल जिल्ह्यातील, एक पांढुर्णा जिल्ह्यातील. आणि यांतील कितीतरी मुलांना घेऊन आईबाप धावले ते नागपूरला. तेथे डायलिसिस सुरू करण्यासाठी आधी पैसे भरावे लागले. कोणी दागिने मोडले, कोणी पोटाचे साधन असलेली रिक्षा विकली, कोणी सावकाराकडे गेले. मध्य प्रदेश सरकारने मृतांच्या कुटुंबांना चार लाख रुपये आणि आजारी मुलांच्या उपचारांचा खर्च देण्याचे जाहीर केले. ते योग्यच होते; परंतु ती घोषणा झाली तेव्हा अनेक घरांतील पैसाही संपला होता आणि मूलही गेले होते.

इंटरनेटवरील आवाहन अशा वेळी काय करू शकते? आमचे मत असे की, आज ज्या रीतीने ते चालते त्या रीतीने, फारच थोडे. सोळा कोटींसाठी महिनाभर मोहीम चालविता येते, कारण आजार महिनाभर थांबतो. डायलिसिसच्या पहिल्या पन्नास हजारांसाठी मिळतो तो एक दिवस, कधी एक रात्र. मोहीम उघडायची म्हणजे रुग्णालयाचे अंदाजपत्र हवे, ओळखीचे कागद हवेत, पडताळणी हवी. हे असायलाच हवे. त्यावाचून लबाडांचे फावेल. पण कहाणी लिहायची कोणी? ती पुढे धाडायची कोणाला? ज्याचा भाचा पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे आणि मावसबहीण न्यू जर्सीत, त्याची कहाणी एका रात्रीत हजार ठिकाणी पोचते. सौंसरच्या संत्राबागेत रोजाने राबणाऱ्याच्या भ्रमणध्वनीत जे तीस क्रमांक असतात, ती तीसही माणसे त्याच्यासारखीच कफल्लक असतात. दानाचा ओघ गरजेच्या उताराने वाहत नाही, ओळखीच्या उताराने वाहतो. हे पूर्वीही होतेच. नव्या साधनाने हा उतार अधिक तीव्र केला आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांला खटकते, ती स्पष्ट बोलली पाहिजे. या आवाहनांतील काहींची आता जाहिरात होते. रडणाऱ्या आईचे चलच्चित्र, नळ्यांनी वेढलेले बालक, आणि ते चित्र पैसे मोजून आपल्यापुढे वारंवार आणलेले. काही संस्था जमलेल्या रकमेतून ठरावीक टक्के घेतात. काही शुल्क घेत नाहीत, परंतु पैसे देतानाच दात्याकडून ‘टिप’ मागतात. संस्था चालवायची तर खर्च आहे हे आम्हांला मान्य आहे. पण ज्याचे दुःख अधिक चित्रमय त्याला अधिक पैसा, हा न्याय नव्हे. खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंड गेलेल्या मुलाकडे कॅमेऱ्यापुढे मांडण्यासारखे काही नसते; ते निपचित पडलेले असते.

मग लबाडीचे काय? आपल्या गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील ‘४१ क’ हे कलम चांगले परिचयाचे आहे. नोंदणीकृत न्यास नसलेल्या कोणीही धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांना कळवावे आणि हिशेब द्यावा, असे ते कलम सांगते. म्हणजे आळीतल्या गणपतीसाठी पावतीपुस्तक घेऊन हिंडणाऱ्या पोरांवर कायद्याची नजर आहे. उलट इंटरनेटवरून देशभर कोट्यवधी रुपये गोळा होतात त्यासाठी खास असा कायदा आपल्याकडे अद्याप नाही. भांडवल उभारणीसाठीच्या लोकवर्गणीचा विचार ‘सेबी’ने २०१४ साली एका निवेदनात केला होता, दानासाठीच्या लोकवर्गणीचा तेवढाही कोणी केलेला नाही. उपचार संपल्यावर पैसे उरले तर ते कोणाचे? रुग्ण दगावला तर उरलेली रक्कम दुसऱ्या रुग्णाकडे जावी की दात्याकडे परत? ज्याने शंभर रुपये दिले त्याला हे कळण्याचा हक्क आहे की नाही? प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे, आणि ते वाचण्याच्या मनःस्थितीत दाता नसतो.

मराठी वृत्तपत्रे पूर्वी दुष्काळनिधीच्या वा पूरनिधीच्या याद्या छापीत, तेव्हा मोठ्या देणगीदाराच्या खाली ‘एक हितचिंतक, ५ रुपये’ अशीही ओळ असे. छपाईच्या दृष्टीने ते काम कंटाळवाणे होते. पण ती यादी हीच पावती होती. पाच रुपयेवाला सकाळी आपली ओळ शोधी आणि ती सापडली की त्याची खात्री पटे. आवाहन करणाऱ्या प्रत्येक पानावर रुग्णालयाच्या खात्यात किती गेले, कोणत्या दिवशी गेले, किती उरले हे तशाच ओळीने, आणि देणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत, दिसले पाहिजे. पैसा नातेवाइकाच्या खात्यात न जाता शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यात जावा. हे करायला नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

सरकारनेही या झोळीत हात घातला आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. २०२१ च्या दुर्मिळ आजारांविषयीच्या राष्ट्रीय धोरणात केंद्राने स्वतःचे एक लोकवर्गणीचे संकेतस्थळ उघडण्याची तरतूद केली. त्यावर जमलेला पैसा रुग्णांच्या गरजेपुढे नगण्य ठरला. त्याचे आश्चर्य वाटत नाही. सरकार कर घेते. त्याच सरकारने पुन्हा वर्गणी मागितली की नागरिक खिशाकडे नव्हे, तर पावतीकडे बोट दाखवितो. लोकांच्या दानशूरपणाने शासनाच्या कर्तव्याची जागा घ्यावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

ते कर्तव्य राज्याच्या सीमेवर येऊन कसे अडखळते याचा अनुभव आपल्या वाचकांना, विशेषतः सिंधुदुर्गातील वाचकांना, नवा नाही. दोडामार्ग-सावंतवाडीच्या रुग्णाला जवळचे मोठे रुग्णालय म्हणजे गोव्यातील बांबोळीचे. २०१८ च्या आरंभी तेथे परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा सिंधुदुर्गात केवढा क्षोभ उसळला होता! रुग्णाला राज्य कळत नाही, वेदना कळते, असे तेव्हा आपणच म्हणत होतो. नागपुरात पांढुर्ण्याचा रुग्ण त्याच जागी उभा आहे. महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेला तो पात्र नाही, कारण तो महाराष्ट्राचा रहिवासी नाही. मुख्यमंत्री सहायता निधीच्या दारावरही तोच प्रश्न. ‘आयुष्मान भारत’चे पाच लाखांचे कार्ड कोणत्याही राज्यातील योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात चालावे असे आहे खरे, पण मध्यरात्री गाठलेले खासगी रुग्णालय त्या यादीत आहे की नाही हे गावचा माणूस कोठे पाहणार? विशेष हे की, कर्नाटकातील ८६५ मराठी सीमागावांना आपली जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ साली घेतला. त्या निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो. मात्र पांढुर्णा-सौंसरचा मराठी माणूस कधी मोर्चा घेऊन मुंबईला आला नाही, त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात नाही, म्हणून त्याची आठवण झाली नाही, असे म्हणावे लागते. शांत राहणाऱ्या सीमेची किंमत ही अशी द्यावी लागते.

आमची सूचना साधी आहे. तहान लागल्यावर विहीर खणण्याऐवजी पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांनी एक कायमचा रुग्णनिधी आधीच उभारावा. तो नोंदणीकृत न्यास असावा, म्हणजे देणाऱ्याला प्राप्तिकरात सवलत मिळू शकेल. एकट्या रुग्णाच्या नावे काढलेल्या आवाहनाला दिलेल्या पैशावर ती मिळत नाही. त्याचे खाते इंटरनेटवर बारा महिने उघडे असावे. संत्र्याच्या हंगामात बागवानाने पेटीमागे रुपया द्यावा, आणि नागपूर, पुणे, मुंबई, आखात येथे गेलेल्या येथल्या मुलांनी महिन्याला शंभर रुपये धाडावेत. परदेशात असूनही भारतीय नागरिक असलेल्याला ते अडचणीचे नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्याचा पैसा मात्र परकी देणगी ठरतो आणि त्याचा कायदा कडक आहे, एवढे भान ठेवावे. नागपूरच्या चार-दोन रुग्णालयांशी या न्यासाने आधीच बोलून ठेवावे की, न्यासाचे पत्र दाखविल्याबरोबर पहिल्या दिवसाचे उपचार अनामत रकमेसाठी थांबणार नाहीत. रुग्ण खरा की खोटा हे सांगायला बंगळूरच्या कचेरीतल्या तरुणाची गरज उरणार नाही. गावचा शिक्षक, वैद्य, सरपंच ते एका दूरध्वनीत सांगेल. मुरूड फंडाला हेच साधले होते. साधन तेवढे नवे.

मध्य प्रदेशच्या १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली अशा न्यासाची नोंदणी जिल्हाधिकाऱ्यांकडे होते, आणि पांढुर्ण्याला आता स्वतःचा जिल्हाधिकारी आहे. अर्ज घेऊन छिंदवाड्याला खेटे घालण्याचे कारण उरलेले नाही. महाराष्ट्र शासनाने आपल्या बाजूने नागपुरातील शासकीय रुग्णालयांपुरती तरी या दोन तालुक्यांना जनआरोग्य योजना लागू करावी आणि तिचा खर्च भोपाळकडून वसूल करण्याविषयी मध्य प्रदेशाशी करार करावा. सिंधुदुर्गासाठी बांबोळीत जे आपण मागितले, तेच येथे आपल्याला द्यावयाचे आहे.