फडाचे पाणी, विंधण विहिरीचे पाणी

दीपस्तंभाच्या उजेडाचा एका जहाजाने लाभ घेतला म्हणून दुसऱ्याचा उजेड घटत नाही आणि तो कोणाला नाकारताही येत नाही, अशा गोष्टीस अर्थशास्त्र सार्वजनिक वस्तू म्हणते; नदीच्या किंवा भूगर्भातल्या पाण्यापासूनही कोणास दूर ठेवणे अवघड असते, पण एकाचा उपसा दुसऱ्याचा वाटा कमी करतो, म्हणून ते सामायिक संसाधन ठरते. अशा संसाधनाची नासाडी अटळ असल्याचे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले आणि सरकारी ताबा किंवा खासगी मालकी हेच उपाय पुढे आले. उत्तर महाराष्ट्रातील पांझरा, मोसम या नद्यांच्या खोऱ्यांतील सिंचनाची फड पद्धत मात्र त्याआधी काही शतके या दोहोंवाचून चालत आली होती.

नदीवरच्या बंधाऱ्याखालचे भिजणारे क्षेत्र तीन-चार फडांत विभागलेले, एका फडात एका हंगामात एकच पीक, आणि बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात, अशी ही रचना होती. पाणी स्वतः न वळवता ते पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याच्या हातून घ्यायचे, हा तिचा दंडक. पाणी तुटले की एखादा फड कोरडा ठेवला जाई आणि तोटा साऱ्यांच्या वाट्याला येई, त्यामुळे पाटाच्या तोंडाशी असलेला आणि शेवटाला असलेला असे दोन पक्ष सहसा पडत नसत. न्यायबुद्धी येथे उपदेशावर सोडलेली नव्हती, ती जमिनीच्या वाटणीतच बांधलेली होती. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये ज्या अभ्यासासाठी नोबेल मिळाले, त्याचा गाभाही वापरणाऱ्यांनी स्वतः घातलेले आणि स्वतः राखलेले नियम हाच आहे.

पुढे नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली, शेतोशेती विहिरी आल्या आणि फड आक्रसले. विहिरीचे पाणी डोळ्यांना दिसत नाही, शिवाय १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या परंपरेने ते जमीनमालकाचेच मानले गेले. वास्तविक खडकातला साठा बांध ओळखत नाही. महाराष्ट्राने २०१३ मध्ये भूजलाचा कायदा केला खरा, परंतु त्याची मुख्य सूत्रे राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे ठेवली, आणि हीच त्यातली गंभीर उणीव आहे, कारण कोणत्या शिवारात रात्री पंप चालतो हे गावालाच ठाऊक असते. हिवरे बाजार या गावात मात्र पावसाच्या मोजणीवरून ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते, पिके त्यानुसार ठरतात आणि शेतीसाठी विंधण विहीर घेण्यास तेथे मनाई आहे.