‘आजच, तात्काळ!’

रमजानमध्ये इफ्तारला बसलो की हमखास ग्रुपवर मेसेज येतो : ‘माहिती आजच, तात्काळ भरा.’ एका हातात खजूर, दुसऱ्या हातात मोबाईल. हीच माहिती गेल्या महिन्यातही दिलेली असते.

शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. त्याच कायद्यात शिक्षकासाठी आठवड्याचे किमान ४५ तास दिलेत, पाठाची तयारी धरून. तक्ते भरण्याचे तास कुठे मोजायचे?

माझी तक्रार पैशांची नाही. उर्दू माध्यमाच्या पोराला मराठीतला ‘ळ’ जिभेवर यायला वेळ लागतो, शेजारी बसून म्हणवून घ्यावा लागतो. तक्ता भरताना मी त्याला ‘धडा उतरवून काढ’ म्हणून मोकळा झालोय. ही चूक माझीच.

आता सगळी आकडेवारी एका वहीत तयार ठेवतो. तासाला मोबाईल बंद. उशिरा आलेल्या मेसेजला एकच उत्तर : ‘उद्या शाळा सुटल्यावर देतो.’ पहिल्यांदा लिहिताना बोटं थरथरली. आभाळ काही कोसळलं नाही. मित्रांनो, एकट्याने लिहिलं तर उद्धटपणा ठरतो. साऱ्या स्टाफने लिहिलं तर तो नियम होईल.