घरपट्टी वाढवायची कोणी?

१ जानेवारी २०२२ रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मुंबईकरांना नव्या वर्षाची भेट जाहीर केली. महापालिका हद्दीतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर पूर्ण माफ. लाभ सुमारे १६ लाख कुटुंबांना. २०१७ च्या पालिका निवडणुकीत शिवसेनेने दिलेले हे वचन होते. मधल्या काळात, २०१९ मध्ये, देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारनेही माफी दिली होती. पण ती बिलातल्या ‘सर्वसाधारण करा’पुरती होती. पाणी, मलनिस्सारण, शिक्षण, रस्ते, वृक्ष यांचे कर आणि उपकर तसेच राहिल्यामुळे लोकांच्या हाती फारसे काही पडले नाही. २०२२ मध्ये तेही गेले. हा निर्णय चुकीचा आहे, असे कोणत्याही मोठ्या पक्षाने म्हटले नाही.

तसे कोणी तरी म्हणायला हवे होते. ही माफी घराच्या क्षेत्रफळावर ठरते, घरातल्या माणसाच्या ऐपतीवर नाही. प्रभादेवीतली ४८० चौरस फुटांची सदनिका आज कोट्यवधींची आहे. तिला कर नाही. मुंबईत घर परवडले नाही म्हणून नालासोपाऱ्याला गेलेले कुटुंब वसई-विरार महापालिकेची घरपट्टी भरते आणि रोज लोकलला लोंबकळत त्याच मुंबईत कामाला येते. चाळीतल्या, झोपडपट्टी पुनर्वसनातल्या घरांना सवलत द्यावीच लागेल. पण घोषणा करताना गरीब आणि लहान घर हे एकच धरले गेले, कारण मतांच्या हिशेबाला तेच सोयीचे होते.

महाराष्ट्रातल्या शहरांत करवाढीला होणारा विरोध बहुतेक वेळा असाच चालतो. कायद्याप्रमाणे मुंबईबाहेरच्या महापालिकांनी दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत पुढच्या वर्षाचे करांचे दर ठरवायचे असतात. आयुक्त अंदाजपत्रकात दहा-पंधरा टक्के वाढ सुचवतात, स्थायी समिती ती फेटाळते, दुसऱ्या दिवशी ‘पुणेकरांना दिलासा’ अशा बातम्या येतात. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित करप्रणाली आली आणि दर पाच वर्षांनी मूल्य सुधारायचे ठरले. २०२० ची सुधारणा कोविडमुळे पुढे ढकलली गेली, ते योग्यच होते. पण साथ ओसरल्यावरही ती वर्षानुवर्षे लांबतच राहिली. पाच-दहा वर्षे न वाढलेला कर एकदम वाढवायची वेळ आली की ती वाढ खरोखरच अन्यायाची वाटते, मग पुन्हा स्थगिती. दरवर्षी महागाईइतकी छोटी वाढ आपोआप झाली असती, तर एवढा गहजब झाला नसता.

या सगळ्यात महापालिका म्हणून जे काही होते, तेच हळूहळू झिजले आहे. जकातीची गोष्ट त्यासाठी आठवायला हवी. जकात हा वाईट कर होता. नाक्यांवर ट्रकच्या रांगा, मोजणीतली लबाडी, चिरीमिरी. ती गेली याचे दुःख कोणी करू नये. मुंबईबाहेर तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला, तेव्हा व्यापाऱ्यांनी २०१३ च्या उन्हाळ्यात मुंबई-पुण्यासह राज्यभर दुकाने बंद ठेवली. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण तेव्हा आपल्या भूमिकेवर ठाम राहिले. सत्ताबदलानंतर, १ ऑगस्ट २०१५ पासून, ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी रद्द झाला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कराबरोबर संपली आणि त्याच आठवड्यात राज्य सरकारने मुंबई महापालिकेला भरपाईचा पहिला, ६४७ कोटींचा धनादेश दिला. तो समारंभपूर्वक दिला गेला, छायाचित्रे निघाली.

भरपाईचा कायदा वाईट नाही. दरवर्षी आठ टक्के चक्रवाढ धरलेली आहे आणि मुंबईला त्यातून २०२५-२६ साठी १४ हजार कोटींहून अधिक रक्कम अपेक्षित होती. त्याच अंदाजपत्रकात मालमत्ता करातून धरलेले उत्पन्न ५,२०० कोटी. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला स्वतः बसवलेल्या सर्वांत मोठ्या करापेक्षा अडीच पटींहून जास्त पैसे मंत्रालयातून येतात. मुंबईला मुदत ठेवींचा आधार तरी आहे. लहान महापालिकांत हे अनुदान लांबले की पगार लांबतात, ठेकेदारांची बिले अडकतात, आणि मग आयुक्त व पदाधिकारी मुंबईला खेपा घालतात. अशी महापालिका नागरिकांपुढे कमी आणि नगरविकास खात्यापुढे जास्त उत्तरदायी असते. मुंबईत मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. शहराचे मोठे उत्पन्न शहरातल्या करदात्याकडून थेट येत असते, तर इतका काळ हे खपवून घेतले गेले असते का, हा प्रश्न गंभीरपणे विचारायला हवा.

विरोध करणारे सगळे फुकटे आहेत, असे मात्र कोणी समजू नये. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळीच्या डेपोत पडत आला. दुर्गंधी, दूषित विहिरी, डेपोला लागणाऱ्या आगी, कचऱ्याच्या गाड्या अडवणारी आंदोलने हे सारे त्या गावांनी पाहिले. २०१७ मध्ये ही गावे आणखी नऊ गावांबरोबर पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायतीच्या पट्टीच्या कितीतरी पट अशी महापालिकेची बिले घरोघरी आणि गोदामांच्या दारात पोचली. नळाचे पुरेसे पाणी आणि रस्ते मात्र त्या वेगाने पोचले नाहीत. लोकांनी महापालिकेतून बाहेर पडण्याची मागणी केली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सरकारने ती मान्य केल्याचे जाहीर केले आणि २०२४ मध्ये दोन्ही गावांच्या स्वतंत्र नगरपरिषदेवर शिक्कामोर्तब झाले. त्या गावांचा राग रास्त होता. सरकारला त्यावर सुचलेले उत्तर मात्र गावे वगळण्याचे होते. पाणी, रस्ते आणि कचऱ्याचा बंदोबस्त आधी आणि वाढीव कर नंतर, असा क्रम लावणे अवघड असले तरी शक्य होते.

पुण्यातच कराविषयीच्या रास्त विरोधाची एक जुनी आणि अभिमानास्पद नोंद आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे नेमलेले सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. बत्तीस सभासदांत एकट्या जोतीरावांनी त्याविरुद्ध मत दिले. लोकांच्या कराचा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, ही त्यांची भूमिका होती. कर घेण्याला त्यांचा आक्षेप नव्हता, तो उधळण्याला होता. आजच्या सभागृहांत कर कमी करा म्हणणारे पुष्कळ आहेत. खर्चाच्या एकेका नोंदीवर एकटे उभे राहणारे फार थोडे.

उलट, नियम मोडणाऱ्याला माफी देण्याची चढाओढ चालते. पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत बांधकामांवर शास्तीकर होता. २०२३ मध्ये शासनाने तो माफ केला. सर्वसामान्यांनी गुंठा-अर्धा गुंठा घेऊन बांधलेली घरे त्यात होती, त्यांची अडचण खरी होती. थकबाकीच्या दंडावर सवलत देणाऱ्या ‘अभय योजना’ तर राज्यातल्या कित्येक महापालिका मार्चअखेर हमखास आणतात. मे महिन्यात रांगेत उभे राहून पूर्ण घरपट्टी भरणाऱ्या निवृत्त शिक्षकाला या योजनांतून मिळणारा संदेश स्पष्ट आहे, आणि तो घातक आहे. पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकांना १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत लेखापरीक्षणातल्या आक्षेपानंतर बंद झाली आणि २०२३ मध्ये लोकक्षोभामुळे परत आली. तिच्यासाठी निदान अर्ज भरून आपण तिथेच राहतो हे दाखवावे लागले. सवलत द्यायची तर ती अशी तपासून द्यावी.

थेट कर वाढवायची छाती नसलेले सरकार पैसे उभे करत नाही असे नाही. ते दुसरीकडून करते. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये दुष्काळ निवारणासाठी राज्याने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये वाढवले. मद्य, सिगारेटवरचा करही वाढवला. कारण चांगले होते. पण पंपावर दिलेला कर पावतीत वेगळा दिसत नाही, त्यामुळे त्याविरुद्ध बंद पुकारला जात नाही. दूध वाहणारा टेम्पोवाला आणि आलिशान मोटारीचा मालक लिटरमागे तेवढाच कर देतात. याउलट २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांहून महागड्या विद्युत मोटारींवर सहा टक्के कर सुचवला गेला, तो अधिवेशन संपण्यापूर्वीच मागे घेण्यात आला. प्रदूषण कमी व्हावे म्हणून विद्युत वाहनांना उत्तेजन हवे, हा युक्तिवाद मान्य केला तरी ३० लाखांच्या वर मोटार घेणाऱ्याला ते सरकारी तिजोरीतून कशाला?

लोक कर देत नाहीत, हे खरे नाही. याच राज्याने ते सिद्ध केले आहे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला. १९७२ च्या दुष्काळाने तिची गरज राज्याला पटवली आणि तिचा पैसा उभा करण्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने भरायचा आणि कोरडवाहू गावातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचे, असा तो सरळ व्यवहार होता. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळात एकमताने मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पगाराच्या चिठ्ठीत हा कर दरमहा कापला जात राहिला. रस्त्यावर कोणी आले नाही, कारण पैसा कशासाठी जातो ते ठाऊक होते. पुढे या निधीतली मोठी रक्कम वेळेवर खर्च झाली नाही, हा दोष कर देणाऱ्यांचा नव्हता.

आता त्या कराची स्थिती अशी आहे : राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने घातलेली मर्यादा १९८८ मध्ये वर्षाला २५० रुपयांवरून २,५०० केली गेली, त्यानंतर तिला हात लागलेला नाही. महिन्याला १५ हजार मिळवणारा सुरक्षारक्षक आणि कोट्यवधी कमावणारा कंपनीचा संचालक, दोघेही वर्षाला २,५०० रुपयेच भरतात. पंधराव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १८ हजार करावी, असे सुचवले. सुरक्षारक्षकाला पूर्ण सूट देऊन संचालकाकडून १८ हजार घेता येतील आणि त्यातला मोठा वाटा ज्या शहरात तो राहतो त्या महापालिकेला देता येईल. राज्य सरकारने एखादी घरपट्टी माफ करायची ठरवली तर तेवढी रक्कम राज्याच्या तिजोरीतून महापालिकेला देण्याचे बंधनही कायद्यात घालता येईल. मग घोषणा करण्याआधी अर्थखात्याला विचारावे लागेल. आणि घरपट्टीच्या बिलामागे गेल्या वर्षी त्या प्रभागात किती जमले, कशावर किती खर्च झाले, हे छापायला कोणत्याही घटनादुरुस्तीची गरज नाही. व्यवसाय कराला मात्र ती लागेल. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. त्यांतल्या एखाद्याने तरी हा विषय तिथे मांडून लावून धरावा.