मक्याचं कणीस बघू नका, गुंठा मोजा



सध्या गावोगाव मक्याचे पीक पाहणी कार्यक्रम चालू आहेत. मंडप, चहा, टोपी आणि बांधावर सोलून मांडलेली वीतभर कणसं. माझं मत सरळ सांगतो, त्या कणसावरून पुढच्या सालचं बियाणं ठरवू नये. तो प्लॉट बहुतेक वेळा रस्त्याकडेचा, काळ्या रानातला, ठिबकवरचा असतो. आपलं दीड-दोन एकर मुरमाड, आभाळाकडं बघून पेरलेलं. तिथं पहिला आलेला वाण आपल्याकडं पहिला येईलच असं नाय.

आणि झाडं विरळ ठेवली की कणीस मोठं पडतंच, त्यात वाणाचं कौतुक काय? हिशोब बघा. दोन ओळींत २ फूट आणि दोन झाडांत ८ इंच ठेवलं तर एकरी ३२,६७० झाडं बसतात. ८ इंचाच्या जागी फूटभर ठेवलं तर २१,७८०. म्हणजे तिसरा हिस्सा झाडं गेली. आता कणीस दीडपट जड भरलं तरच बरोबरी, फायदा तर लांबच. उलट हलक्या रानात ८ इंचापेक्षा दाट केलं अन् तुरा पडायच्या वेळेला पावसानं ताण दिला, की बरीच झाडं वांझ राहतात.

म्हणून मी म्हणतो, नवीन वाण घ्यायचाच तर सगळ्या रानात घेऊ नका. नेहमीच्या वाणाशेजारी चार-चार ओळींचे नाही, चांगले रुंद पट्टे पाडा. एकाच दिवशी पेरा, खत सारखं, लष्करी अळीची फवारणी सारखी. काढणीला कडेच्या ओळी सोडून मधोमध ३३ बाय ३३ फूट मोजा, तो झाला एक गुंठा. आधी झाडं मोजा, मग कणसं मोडून दाणे काढा, वजन करा, ४० नं गुणा.

एवढ्यावर थांबू नका, ओलावा बघा. इथंच खरी गंमत असते. समजा एका वाणाचे गुंठ्याला ७० किलो भरले, ओलावा २५ टक्के. दुसऱ्याचे ६५ किलो, ओलावा १६. बघणारा म्हणेल पहिला भारी. पण दोन्ही १४ टक्क्यांवर आणले तर पहिला एकरी २४.४ क्विंटल, दुसरा २५.४. वरून दुसरा लवकर रान मोकळं करतो, मागं हरभरा वेळेवर पेरता येतो. (वजनाला १०० वजा ओलावा यानं गुणायचं, ८६ नं भागायचं. दहावीपर्यंतचं गणित पुरतं.) ओलाव्याचं यंत्र आडतीवर असतं, मूठभर दाणे घेऊन जा.

ज्याच्या दावणीला जनावरं आहेत त्यानं चाऱ्याचंही वजन धरावं. दाणा पिकला तरी ताट हिरवं राहणारा वाण त्याला क्विंटलभर कमी देऊनही परवडतो.

कृषी सहायक अन् विद्यापीठातल्या साहेब मंडळींना एक विनंती आहे. वाणाची शिफारस सांगताना बागायती आणि कोरडवाहू हलक्या रानाचे आकडे वेगवेगळे सांगा. सरासरी सांगितली की आमच्यासारख्याच्या हातात काहीच लागत नाय.

यंदा कोणी असा गुंठा मोजला असेल तर खाली लिहा. वाणाच्या नावासोबत जमीन कशी, पेरणीची तारीख, झाडं किती, वजन आणि ओलावा एवढं पाहिजेच. नुसता कणसाचा फोटो टाकू नका.